जर्मनचा सुरा

एखाद्या जुन्या शस्त्राची ‘कंडिशन’ काय आहे हे सांगणे हा माझ्या निवृत्तीनंतरच्या उद्योगांपैकी एक आहे. आयुष्य धातूंच्या प्रयोगशाळेत गेले, त्यामुळे ओळखीचे, अनोळखी लोक मोबाईलवर कट्यारींचे, संगिनींचे, लष्करी सुऱ्यांचे फोटो पाठवतात आणि दोन गोष्टी विचारतात: वस्तू अस्सल आहे का, आणि स्थिती कशी आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी शांतपणे देते. दुसरा प्रश्न वाचला की मात्र माझे डोके तापते. इतकी वर्षे झाली, तरी तापते. त्याचे कारण मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत घडले, आणि ते मी आजवर कुणाला पुरते सांगितलेले नाही.

त्या खोल्या मुलुंड पूर्वेला होत्या, मिठागरांच्या अंगाला. वाऱ्याची दिशा बदलली की ओठ खारट लागत. त्या हवेत लोखंड म्हणून काही टिकत नसे. खिडकीच्या गजांना दरवर्षी रंग द्यावा लागे आणि तो दरवर्षी पोपडे धरून गळे. कुलपे तेलाशिवाय उघडत नसत. आईच्या पदराची पिन पावसाळ्यात विसरून पातळाला राहिली तर तिथे तांबूस डाग पडे आणि तो मग कशानेही जात नसे. बाबा मस्कतला नोकरीला होते आणि दोन वर्षांतून एकदा, अत्तराचा आणि नव्या कापडाचा वास घेऊन येत. एरवी घरात आम्ही तिघे: आजोबा, आई आणि मी. मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, वर्गात पहिली येत होते, आणि जगातल्या कोणत्याही प्रश्नाला योग्य ती चाचणी लावली की उत्तर मिळते, असे माझे पक्के मत होते. ते मत मी अजून बदललेले नाही. फक्त, उत्तर मिळाल्यानंतर माणसे त्याचे काय करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, कानाने थोडे कमी ऐकणारे आणि त्यामुळे मोठ्याने बोलणारे. खिडकीजवळची आरामखुर्ची त्यांची. सकाळी कारखान्यांचे भोंगे झाले की त्यांचा चहा झालेला असे. अंघोळीला पाणी काढलेले असे. आणि रेडिओवर बातम्या लागल्या की आईने कुकरची शिट्टी होऊ देता कामा नये, असा एक अलिखित हुकूम होता. आई बातम्या संपेपर्यंत शिट्टी काढून कुकरवर वाटी उपडी घाली आणि डाळ कच्ची राहिली तर तीही तिचीच चूक ठरे. गावाहून आणलेली आमसुले, उकडा तांदूळ, तिरफळे असा एक मंद वास त्या घराला कायम होता, आणि त्या वासाखाली, लाकडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला जर्मनचा सुरा होता.

दुसऱ्या महायुद्धात आजोबांची पलटण इटलीत होती. तिथे एका शेतघराच्या अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली, शरण आलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याने कमरेचा सुरा म्यानासकट काढून त्यांच्या हाती ठेवला, ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावी लागे. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही. तपशील बदलत. कधी अंगणात कोंबड्या असत, कधी एक म्हातारी असे, कधी पाऊस पडत असे. पण अधिकारी रडत होता, हे कधी बदलले नाही. आणि “मी त्याका म्हटलंय, रडतंस कित्याक, घराक जा,” हेही नाही. आजोबांनी जर्मन अधिकाऱ्याला हे कोणत्या भाषेत सांगितले असेल, असे मी लहानपणी विचारले होते. “मालवणीत,” ते म्हणाले होते. “त्याका समाजला.”

सुऱ्याचे पाते वीतभरापेक्षा थोडे मोठे, दोन्ही बाजूंना धार असलेले, नक्षी नसलेले. मूठ पिवळसर नारिंगी, पीळ दिलेली. पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे पंख पसरलेला गरुड, आणि गरुडाच्या पायांत एका वर्तुळात स्वस्तिक.

आता त्या ‘जर्मन’ शब्दाविषयी. आमच्या घरांतून ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत: जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. आई परळच्या चाळीत वाढलेली. लग्न होऊन आली त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी दारातून सांगितले, “सूनबाई, तो जर्मनचो सुरो घासून ठेव.” नव्या नवरीने सासऱ्याला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. तिला वाटले, जर्मनचा, म्हणजे जर्मनच्या भांड्यांसारखाच. तिने चिंच भिजत घातली, चुलीची राख चाळून घेतली आणि सुरा काथ्याने असा घासला की आजोबा बघतच राहिले. “तोंड दिसता गो ह्याच्यात!” त्यांना आनंद झाला. त्या दिवसापासून ते कामच ठरून गेले. दरवर्षी खंडेनवमीला आई मोरीत बसून सुरा घाशी आणि आजोबा मोरीच्या दारात उभे राहून सांगत, “अजून. तोंड दिसाक होया.” मग सुरा पुसून, खोबरेल लावून पाटावर ठेवला जाई. गावाहून येणारे, हळद आणि चुन्याचे घरगुती कुंकू आई त्या गरुडाला आणि स्वस्तिकाला लावी. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे यांचा नैवेद्य होई. वडे तळण्याचा तो वास मला अजून आवडतो. बाकी त्या विधीतले काहीही आवडत नाही.

खोबरेलाविषयी एवढेच नोंदवते, की ते लावायला आईला कुणी सांगितले नव्हते. पहिल्या पावसाळ्यात सुऱ्यावर गंजाचे ठिपके आले आणि पुढच्या नवमीला घासायला दुप्पट वेळ लागला. तेव्हापासून पावसाळ्यात दर शनिवारी डोक्याला तेल लावून झाले की तेलकट बोटे ती त्या पात्यावरून फिरवी. “काम वाढतं नाहीतर,” ती म्हणे. यात भक्ती वगैरे काही नव्हती.

त्या वर्षी दिवाळीत आमच्या भागातल्या मंडळाने मुलांच्या किल्ल्यांच्या स्पर्धेला जोडून शाळेच्या सभागृहात शस्त्रांचे प्रदर्शन भरवले आणि आजोबांना सुरा मांडायची विनंती केली. आजोबांनी कोट घातला. पदक लावले. शस्त्रांची पारख करायला पार्ल्याहून सोमण नावाचे गृहस्थ येणार होते. त्यांचा स्वतःचा संग्रह होता, ते व्याख्याने देत, आणि जुनी शस्त्रे या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. ते आले, पांढरे सुती हातमोजे घातले आणि एकेक टेबल बघत आमच्यापाशी थांबले. आजोबांनी द्राक्षांच्या मांडवापासून सुरुवात केली. सोमणांनी ती ऐकली नाही. त्यांनी भिंग काढले, सुरा उजेडात धरला, उलटा केला आणि अगदी सहज, चहात साखर कमी आहे असे सांगावे तसे, म्हणाले, “नक्कल आहे.”

“काय म्हणालात?” आजोबांनी कानामागे हात नेला.

“नक्कल! बनावट!” सोमणांनी आवाज चढवला. आता सगळ्या सभागृहाला ऐकू गेले. “हे बघा आजोबा, कारखान्याची खूण पात्यावर असायलाच हवी. नाहीये. जर्मन पातं म्हणजे निकेलचा मुलामा, तो कुठे आहे? आणि हे बघा, पंखांच्या खाचांत तांबडं काय भरलंय. गंजाचा रंग फासतात हे लोक, जुनं दिसावं म्हणून. फार बाळबोध युक्ती आहे.” मग हसून, आजूबाजूच्या लोकांकडे बघत: “तुम्हाला कुणीतरी फसवलं असणार. की तुम्ही आम्हाला फसवताय?”

लोक हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, असे मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितले. आजोबांनी सुरा म्यानात घातला, फडक्यात गुंडाळला आणि ते चालू लागले. रस्त्याने ते एकच वाक्य बोलले: “माका खोटो पाडल्यान.” 

त्यानंतर ते गोष्ट सांगेनात. कट्ट्यावर जाईनात. सिलिंडरवाल्याने एकदा विचारले, “काय हवालदार, ते कोंबड्यांचं काय झालं?” तर आजोबांनी तोंड भिंतीकडे केले. मला त्यांच्या गोष्टीचा कंटाळा होता, हे खरे आहे. पण त्या माणसाकडे या शहरात दुसरे काय होते? जमीन भावांकडे राहिली, बायको गावीच वारली, मुलगा परदेशात. आपण एकदा एका ठिकाणी होतो आणि तिथे आपण काहीतरी होतो, याचा तो सुरा हा एकच पुरावा. आणि हातमोजे घातलेल्या एका माणसाने तो भिंगातून दोन क्षण बघून रद्द केला. मला राग आला तो मुख्यतः पद्धतीचा. तीन निरीक्षणे, एकही चाचणी नाही, आणि निष्कर्ष मात्र सभागृहभर.

मी आजोबांना म्हटले, “मला तो उघडून बघू द्या.”

“देव कोण उघडून बघता?”

“तो देव नाही, पोलाद आहे. आणि तुम्ही खरं सांगत असाल तर आत पुरावा असणारच.”

‘असाल तर’ हे त्यांना लागले. ते फडके माझ्यापुढे टाकून म्हणाले, “बघ. काय बघूचा ता बघ.”

मी आधी वाचले. ग्रंथालयात इंग्रजी पुस्तके मिळाली. त्यांत अशा सुऱ्यांची चित्रे होती, ते कसे जोडत याचे वर्णन होते. त्याच पुस्तकांत मी त्या गरुडाच्या पायांतल्या चिन्हाविषयीही पहिल्यांदा सविस्तर वाचले: त्याखाली काय काय झाले, किती घरे रिकामी झाली. घरी येऊन मी ते स्वयंपाकघरात उभी राहून सांगितले. आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत, पण परातीतला आवाज बदलला.

“म्हणजे इतकी वर्षं मी कुणाला कुंकू लावत होते गं?”

मी बाहेर जाऊन आजोबांना विचारले, हे तुम्हाला ठाऊक होते का. “म्हणानच तर काढून घेतलंय त्याच्याकडसून,” ते म्हणाले. मग पूजा कशाला? “स्वस्तिक आपल्या दारातय असता.” त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तो आजही संपलेला नाही. अशा सुऱ्यांचे फोटो पाठवणाऱ्यांपैकी काहींच्या उत्साहात मला जे दिसते, त्याचा मला स्पष्ट तिटकारा आहे, आणि त्यांना मी तसे लिहून कळवते.

तपासणी मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केली. पंखांच्या खाचांतली तांबडी पूड सुईने काढून स्पिरिटमध्ये टाकली. गंज स्पिरिटमध्ये विरघळत नाही. हे विरघळले, पिवळे झाले. त्यात कागद बुडवून वाळवला. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला, लाल. लिंबाचा थेंब टाकला, पुन्हा पिवळा. हळद. म्हणजे सोमणांनी ज्याला नकली जुनेपणाचा रंग म्हटले, ते आईने खंडेनवमीला लावलेले कुंकू होते. मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसले आणि लगेच मला पुन्हा राग आला.

मग मुठीचे टोक. ते आट्यांचे असते, फिरवून निघते. चाळीस वर्षांत ते कुणी फिरवले नव्हते. तेल सोडून, थांबून, पुन्हा तेल सोडून ते हलले. मूठ निघाली. बाहेरून नारिंगी झालेली मूठ आतून जवळजवळ पांढरी होती, कारण आत कधी उजेड गेला नव्हता. तो रंग फासलेला नव्हता, वयाने आलेला होता. गरुडाची पट्टी निघाली. तिच्याखाली झाकलेल्या पात्यावर निकेलचा मुलामा जसाच्या तसा होता, आणि जिथे पट्टी संपून पाते उघडे होत होते, नेमक्या त्या रेषेवर तो संपत होता. मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या शेपटीवर, पट्टीच्या आत आणि मुठीच्या टोकाच्या आत एकच आकडा ठोकलेला होता. तिन्ही भाग एकाच हातांनी एकत्र जोडलेले. शेवटी पाते दिव्याखाली अगदी तिरपे धरले, तेव्हा कारखान्याच्या खुणेची सावली दिसली. पाटीवरचे पुसलेले अक्षर ओल वाळल्यावर दिसते, तशी. खूण होती. ती घासून गेली होती. 

सुरा अस्सल होता. आजोबा खरे बोलत होते. सोमणांची तिन्ही निरीक्षणे बरोबर होती आणि तिन्ही निष्कर्ष चूक. मी त्यांना फोन केला आणि हे सर्व क्रमवार सांगितले. पलीकडून प्रश्न आला: “हे कुणी केलं? तुमच्या सरांनी?” “मी केलं.” “हं. येतो मी एकदा.”

ते रविवारी आले. आईने रव्याचे लाडू केले होते; आजोबांनी पुन्हा कोट घातला होता. सोमणांना मी सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून दाखवले, आकडे दाखवले, पाते तिरपे धरून खूण दाखवली, कागदावर सोडा आणि लिंबू टाकून दाखवले. ते हुशार होते, हे मान्य केले पाहिजे. समजायला त्यांना वेळ लागला नाही. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “ओरिजिनल आहे. प्रश्नच नाही.”

“ऐकलंस?” आजोबा उभे राहिले. “वरिजिनल! मी काय सांगत होतंय?” त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी जे वाटले, ते पहिल्या क्रमांकाने पास झाल्यावरही वाटले नव्हते.

“ओरिजिनल आहे,” सोमण पुन्हा म्हणाले, “पण कंडिशन? झीरो. मुलामा गेला, खूण गेली, पात्याच्या कडा गोल झाल्या. अहो, अशा वस्तूला हात लावायचा नसतो! आहे तशी ठेवायची असते. कुणी घासली ही एवढी?”

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“हिणा,” आजोबा म्हणाले. त्यांनी बोट दाखवले. “हिणा घासल्यान. वरसावरसाक. चिंच लावून लावून हिणाच वाट लावल्यान त्याची.”

सोमण आईकडे बघून मान हलवत म्हणाले, “वहिनी, वहिनी! कढई समजलात की काय?”

आईने ट्रे स्टुलावर ठेवला. तिचा चेहरा मी आयुष्यात इतका कोरा पाहिला नव्हता. “तुम्हीच सांगायचात ना, मामंजी,” ती हळू म्हणाली. “तोंड दिसायला हवं म्हणून.”

“गप रव! तुका काय कळता त्यातला?”

मला तेव्हा काय वाटले ते आज तटस्थपणे लिहावे असा माझा प्रयत्न होता. तो सोडून देते. मला त्या माणसाचा, माझ्या आजोबांचा, इतका राग आला की माझ्या हातातला कागद फाटला. त्याचा शब्द मी खरा करून दाखवला होता. आणि तो खरा ठरताच त्याने पहिली गोष्ट केली ती ही. वर्षानुवर्षे मोरीच्या दारात उभे राहून ज्याने हुकूम सोडले, त्याने एका परक्या माणसासमोर ते हुकूम गिळले आणि ज्या हातांनी ते पाळले त्यांच्याकडे बोट केले. 

मी म्यान उचलले. “सोमणसाहेब, हे बघितलंत?”

“म्यान? बाहेरून ठीक आहे.”

“आतून बघा.” मी बॅटरी त्यांच्या हाती दिली. त्यांनी म्यानाच्या तोंडात उजेड टाकला. मी म्यान वर्तमानपत्रावर उलटे करून आपटले. तपकिरी पापुद्रे पडले. नखाएवढे, एकावर एक, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. “हेही पोलाद आहे. त्याच कपाटात, त्याच फडक्यात, मिठागराच्या त्याच हवेत. यात आईचं बोट जात नाही, म्हणून याला कधी चिंच लागली नाही, राख लागली नाही आणि तेलही लागलं नाही. तुमच्या भाषेत, याला कुणी हात लावला नाही. आहे तसं ठेवलं. आता याची कंडिशन सांगा.”

त्यांनी एक पापुद्रा चिमटीत उचलला, त्याचा भुगा झाला.

“पात्यावर गंजाचा एक खड्डा दाखवा,” मी म्हटले. “एक. खूण गेली, मुलामा गेला, मान्य. पण पातं आहे. ते कुणामुळे आहे?”

“हं,” सोमण म्हणाले. “म्हणजे, त्याही बाजूने बघता येईल. तरी, संग्राहकाच्या दृष्टीने…” त्यांनी ते वाक्य पुरे केले नाही. बॅटरी बंद करून, माझ्याकडे न बघता, आजोबांना म्हणाले, “नात हुशार आहे हो तुमची. पाठवा आमच्याकडे. एवढं कलेक्शन आहे, पुसायला-बिसायला कुणीतरी हवंच असतं.”

“पुसायचं नसतं म्हणालात ना आत्ताच?”

आई एकदम हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. सोमणांनी लाडू अर्धा ठेवला आणि गेले.

आजोबांनी आपली चूक आईपाशी कबूल केली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. उलट झाले ते असे: गोष्ट परत सुरू झाली आणि तिला नवे शेपूट लागले. मांडव, कोंबड्या, रडणारा अधिकारी, मग “पार्ल्याच्या साहेबान येवन सांगल्यान, वरिजिनल असा,” आणि मग, निःश्वास सोडून, “पण आमच्या सूनबायन घासून वाट लावल्यान.” सिलिंडरवाल्याने ते ऐकले. शेजारच्यांनी ऐकले. बाबा मस्कतहून आले, त्यांनी ऐकले आणि “जाऊ दे गं, म्हातारा माणूस,” असे आईला म्हणाले. मी प्रत्येक वेळी म्यानाविषयी बोले आणि प्रत्येक वेळी आजोबांना त्या कानाने ऐकू येत नसे. पुरावा मांडला की प्रश्न मिटतो, या माझ्या समजुतीचे ते शेवटचे वर्ष. 

आईने वाद घातला नाही. तिने फक्त हात काढून घेतला. पुढच्या पावसाळ्यात शनिवारी डोक्याला तेल लावून झाले, की ती बोटे स्वतःच्या टाचांना पुसू लागली. मी पाहत होते. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “अशा वस्तूला हात लावायचा नसतो. साहेब म्हणाले ना.”

खंडेनवमीला आजोबांनी कपाट उघडले. पापुद्रे पडल्यापासून पाते म्यानाबाहेरच गुंडाळलेले असे; फडके त्याला चिकटले होते. ते त्यांनी ओढले, तेव्हा बरोबर तपकिरी कण आले. टोकापासून मुठीपर्यंत पात्यावर गंजाची साय धरली होती. काही ठिकाणी तिने पोलादात ठिपके खाल्ले होते. आजोबा सुरा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मग त्यांनी हाक मारली, “सूनबाय, चिंच भिजत घातलंस?”

“नाही, मामंजी,” आतून उत्तर आले. आई वड्यांचे पीठ मळत होती. “मला काय कळतं त्यातलं.”

ते उत्तर त्यांना स्वच्छ ऐकू आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून खात्रीने सांगते. ते रागावतील असे मला वाटले. मग ते उठले, स्वतः मोरीत गेले, धोतर आवरून खाली बसले. गुडघे वाजले. चिंच कुठल्या डब्यात असते ते त्यांना ठाऊक नव्हते. ते मीही सांगितले नाही, आईनेही सांगितले नाही. त्यांनी ती हुडकून काढली. राख आता मिळत नव्हती, भांड्यांची पूड घेतली. काथ्या आडवा चालवायचा की उभा, हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा दंड दुखू लागला की ते थांबत आणि धापा टाकत पुन्हा सुरू करत. आत वडे तळले जात होते. वडे झाले, सांबारे झाले, पाने वाढायची वेळ टळून गेली, तरी मोरीतला तो करकर आवाज चालूच होता.

अखेर ते बाहेर आले. बोटे काळी, सदरा पुढून भिजलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांना मी कधी पाहिले नव्हते. ते आत गेले आणि सुरा दोन्ही हातांवर आडवा धरून आईसमोर उभे राहिले.

“बघ गो,” ते म्हणाले. “बरो झालो काय?”

आईने हात पुसले. सुरा घेतला नाही. तिने त्यांचे मनगट धरून तो खिडकीच्या उजेडात तिरपा केला, एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या बाजूने, सावकाश, टोकापासून मुठीपर्यंत. 

“इथं राहिलंय, मामंजी,” ती म्हणाली, आणि कढईकडे वळली.

आजोबा परत मोरीत गेले.